एक्कावन्न चित्रं आणि नंबर एक

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं.

विजयश्रीताईंच्या पाळणाघराच्या दारात एका पायावर उभा होतो. दुसरा पाय टेकायच्या जागी कुणाचं तरी मूल पालथं झोपलं होतं. अशा अवस्थेत माझ्या तोंडून वाक्य गेलं : चाळीस हजारांचं माझ्यावर सोडा.

मुळात गेलो होतो सही घ्यायला. आमचं युनिट भोसरी एमआयडीसीत, स्क्रीन प्रिंटिंगचं. यंत्रांवर चिकटवायच्या पट्ट्या छापतो. ‘हात घालू नये’, ‘तेलाची पातळी’ वगैरे. छापतात दीपमाला, तपासतो मी. आज त्यांची रिजेक्शन स्लिपवर सही राहिली आणि त्या आपल्या मुलीला, संस्कृतीला, घ्यायला पाळणाघरात निघून गेल्या. म्हणून मागोमाग गेलो. दीपमाला म्हणाल्या, अहो साहेब, उद्या केली असती की सही, मी काय पळून चालले का? मी म्हटलं, आजची सही आजच.

आत बायका गोल करून बसलेल्या. घरमालक घर पाडणार आहे, महिनाअखेर जागा सोडायची. मागच्या गल्लीत दादासाहेबांच्या इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्या मिळतायत, पण डिपॉझिट चाळीस हजार. सेकंड शिफ्टवाल्यांची मुलं रात्री बारा वाजेपर्यंत सांभाळणारं या भागात हे एकच पाळणाघर. ते बंद पडलं तर दीपमालांची सासू म्हणते, पोरीला घेऊन गावी या. म्हणजे नोकरी संपली. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच.

कुणीच बोलेना. मला शांतता सहन होत नाही, म्हणून बोललो. पण बोललो ते मनापासून.

रात्री झोप नाही. आनंदामुळे.

रविवार, २ नोव्हेंबर

मार्ग सापडला. वर्गणी मागणं माझ्या स्वभावात नाही. मोबाईलवर वाचलं की मोठ्या शहरांत चित्रकार एखाद्या चित्राच्या मोजक्याच प्रती छापतात. प्रत्येक प्रतीवर नंबर आणि सही. मग ते चित्र पुन्हा कधीच छापत नाहीत. लिमिटेड एडिशन. प्रती मोजक्या म्हणून किंमत जास्त, आणि पैसे चांगल्या कामाला जातात.

यात छपाई आहे, नंबर आहे, सही आहे. म्हणजे हे माझंच काम आहे, इतकी वर्षं ते स्टिकरवर वाया गेलं.

एक्कावन्न प्रती. दर एक हजार. एक्कावन्न हजार. डिपॉझिट देऊन अकरा हजार उरतात, त्यातून पाळणे. एका बैठकीत प्रश्न मिटला.

चित्र मीच काढणार. शाळेत असताना ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. निकाल आणायला गेलो नाही.

माझा रूम पार्टनर शेखर चाकणला कंपनीत आहे. म्हणाला, भावा, हजार रुपयांत आमच्याकडं बायकोला साडी येते, चित्राला कोण देतंय राव? त्याला कलेतलं कळत नाही. त्याचं लग्नही झालेलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चित्र पूर्ण. नाव ‘खिडकीखालची चौदा मुलं’. तीन रंग. सगळं पट्टी आणि कंपास वापरून, हाताने एकही रेघ नाही. चौदाही मुलं एकाच साच्यावरून काढली, कुणावर अन्याय नको.

शेखर म्हणाला, गॅसच्या टाक्यांची गाडी का ही? मी म्हटलं, उलटं धरलंयस. त्याने सुलटं धरलं. मग म्हणाला, आता टाक्या सरळ उभ्या दिसतात.

आमचे मालक बाळाजीशेठ यांची परवानगी मिळाली. गुरुवारी सुट्टीला टेबल वापरा, कागद-शाई तुमची, पंखा एकच लावा. दीपमाला फुकट छापून देणार. त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि विचारलं, यातली आमची संस्कृती कुठली? मी म्हटलं, कुठलीही समजा. त्या म्हणाल्या, मग ही तिसरी. ही जरा एका बाजूला कललीय, आमची पण अशीच बसती.

तिसरी कललेली नाही. खोलीवर येऊन गुण्या लावून बघितलं. बरोबर नव्वद अंश.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सुट्टी.

छपाई झाली. एक्कावन्न कागद नेले होते. दीपमाला म्हणाल्या, दहा-पाच वाया जातात साहेब, जादा आणायचे. मी म्हटलं, ज्याचा स्वतःवर विश्वास नाही तो जादा कागद आणतो. त्या म्हणाल्या, छापणारी मी आहे. मी म्हटलं, तुमच्यावरही आहे.

पहिला कागद सुंदर निघाला. कुठल्याही कामाचा पहिला पीस पास झाला की तो ‘मास्टर सॅम्पल’ होतो. बाकीचा माल त्याच्याशी ताडून बघायचा. तो गिऱ्हाईकाला जात नाही, कपाटात राहतो. मी मापं घेतली, सही केली, तारीख टाकली आणि समोरच्या बाजूला कोपऱ्यात निळा शिक्का मारला : ‘मास्टर सॅम्पल. विक्रीसाठी नाही.’ नंबर १/५१ असा घातला. कलेच्या क्षेत्रात इतकी शिस्त पहिल्यांदाच येत असावी.

संध्याकाळी स्क्रीन, म्हणजे चित्र उतरवलेली जाळी, धुऊन टाकली. दीपमाला ओरडल्या, राहू द्या की चार दिवस, काय खाती का ती? पण मी स्वतः धुतली. जाळी कोरी झाली. आता हे चित्र या पृथ्वीवर पुन्हा छापता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं. थिनरचाही वास होता.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तपासणी. एका रंगावर दुसरा रंग बसताना पाव मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला तर पीस रिजेक्ट. हा नियम मीच ठरवला. गिऱ्हाईक हजार रुपये मोजणार आहे.

मास्टर १. पास ९. होल्ड, म्हणजे निर्णय बाकी, १. रिजेक्ट ४०.

दीपमाला लाल झाल्या. म्हणाल्या, चाळीस? अहो, डोळ्याला दिसतंय का काही? मी भिंगातून दाखवलं. म्हणाल्या, लोक काय भिंग घेऊन भिंतीला चिकटणारेत का? माझे दिवसभराचे हात गेले की यात. मी समजावलं की हे व्यक्तीबद्दल नाही, रिजेक्शन व्यक्तीबद्दल कधीच नसतं.

चाळीस प्रतींवर नंबर घातला नाही. मागच्या बाजूला तांबडा ‘रिजेक्ट’ शिक्का मारला आणि लाल पेटीत टाकून कुलूप लावलं. लाल पेटी म्हणजे नापास मालाची पेटी. किल्ली माझ्याकडे. महिनाअखेर भंगारवाला येतो.

नवा हिशेब : नऊ प्रती, दर साडेचार हजार. चाळीस हजार पाचशे. चित्र जितकं दुर्मिळ तितकी किंमत वाढते, म्हणजे रिजेक्शनमुळे आपला फायदाच झाला. पहिल्या हिशेबात एक्कावन्न गिऱ्हाइकं शोधावी लागली असती, आता नऊ.

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रमाणपत्रं छापून आणली. डीटीपीवाल्याने ‘मर्यादीत’ केलं होतं. मी ‘मर्यादित’ करायला लावलं. तो म्हणाला, कोण वाचतंय? मी म्हटलं, मी. प्रमाणपत्रं एक्कावन्नच करावी लागली, ऑर्डर आधीच दिली होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाजाराची पाहणी. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला, मिठाईवाला आणि सलूनवाला.

तिघांनी चित्राकडे जेमतेम बघितलं. तिघांनी एकच विचारलं : आमचं नाव कुठं येणार? मी म्हटलं, चित्रावर चित्रकाराची सही असते. मिठाईवाला म्हणाला, मग आम्ही दिले हे लोकांना कळणार कसं? मला आमच्या गावचं देऊळ आठवलं. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव. पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही, तरी असतं. मी स्पष्ट सांगितलं, चित्र म्हणजे पंखा नाही.

मग नंबर. मेडिकलवाल्याला नऊ पाहिजे. नऊ रिजेक्ट झालाय. मिठाईवाल्याला बेरीज नऊ येईल असा कुठलाही चालेल, त्याच्या गाडीचा तसाच आहे. माझ्याकडे आहेत २, ७, ११, १२, १९, २३, ३०, ३८ आणि ४४. एकाचीही बेरीज नऊ येत नाही. चव्वेचाळीसची आठ येते. तो म्हणाला, आठ शनीचा, फुकट दिला तरी दुकानात ठेवणार नाही.

साडेचार हजार ऐकून सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. मी अर्धवट दाढीत होतो. नंतर पूर्ण केली.

निष्कर्ष : हा भाग या कलेसाठी तयार नाही. निगडीला जायचं. प्राधिकरणात बंगले आहेत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सुट्टी.

निगडीला बागेबाहेर टेबल मांडलं. सकाळी फिरायला येणारे लोक सुशिक्षित वाटले. बुटांवरून.

आठ जण थांबले. पैकी चार सावलीसाठी. एका आजोबांनी मात्र चष्मा काढून, पुन्हा घालून, नऊच्या नऊ प्रती बघितल्या. मला वाटलं, हाच तो. त्यांनी विचारलं, लॅमिनेशनचे किती घेता? आधार कार्ड करायचं आहे. मी त्यांना पूर्ण योजना सांगितली. पाळणाघर, सेकंड शिफ्ट, मोजक्या प्रती, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, दोन्ही बाजूंनी करायचंय.

विक्री शून्य. पण जनजागृती झाली.

रविवार, १६ नोव्हेंबर

दादासाहेबांनी स्वतःहून बोलावलं! खोल्या त्यांच्याच, डिपॉझिट त्यांनाच द्यायचं, आणि बोलावलं चित्रासाठी. पूर्वी यांच्या शेतातून भोसरीचा रस्ता गेला, आता शेतावर इमारती आहेत. ऑफिसात गाद्यांच्या खुर्च्या.

म्हणाले, ये बाळा, बस. तूच का त्यो चित्रवाला? विजयश्रीबाई सांगत व्हती. आमाला एक नंबर पायजे. चारी गाड्यांना एक नंबर हाय, मोबाइलच्या शेवटी बी एकच हाय. आन खाली आमच्या वडलांचं नाव टाक. कैलासवासी भिमाजी, त्यांच्या स्मरणार्थ. मंग डिपॉझिटचं न्हाई बघत आमी, पोरांचंच काम हाय.

म्हणजे चाळीस हजार. तिथल्या तिथं.

मोह मोठा होता. पण मी सांगितलं की नंबर एक मास्टर सॅम्पल आहे, विक्रीसाठी नाही, आणि चित्रावर नाव येत नाही. त्याऐवजी नंबर दोन देतो.

दादासाहेब म्हणाले, दोन नंबरचं आमी काय करत न्हाई. ऑफिसातले सगळे हसले. मग म्हणाले, दुसरा काढ की एक नंबर, कागदाला काय तोटा हाय का? मी म्हटलं, स्क्रीन धुतली. ते म्हणाले, मंग धुतली कशाला? मी लिमिटेड एडिशनची संकल्पना पहिल्यापासून समजावून सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी शेजारच्या माणसाला म्हणाले, ह्याला च्या पाज.

चहाबरोबर बिस्किटंही आली. तत्त्वाचा मान ठेवणारी माणसं अजून आहेत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पाळणाघरात हकिगत सांगितली. मला वाटलं होतं, अभिमान वाटेल.

विजयश्रीताई म्हणाल्या, स्वराज, अरे दे ना तो कागद त्यांना, तुझं काय जातंय? मी म्हटलं, आज नंबर एक दिला तर उद्या पहिल्या पीसला काही अर्थ उरणार नाही. त्या म्हणाल्या, उद्याचं सोड, तीस तारखेला मी चौदा पोरं घेऊन कुठं जाऊ ते सांग.

दीपमाला संस्कृतीला भरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, साहेब, तुम्हाला घडवलं तेव्हा तपासणीला कोण होतं ओ? बायका हसल्या. एक जण हसता हसता डोळे पुसत होती. तिला चार तारखेपासून सेकंड शिफ्ट लागलीय आणि मूल सात महिन्यांचं आहे.

लिहिताना एक उत्तर सुचलंय, पण ते तितकंसं बरोबर वाटत नाही.

तरी मी ठाम आहे. सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला, याचा अर्थ मी चुकलो असा होत नाही. मोजमाप बहुमताने ठरत नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आनंदाची गोष्ट. दीपमालांनी लाल पेटीची किल्ली मागितली. कशाला विचारलं तर म्हणाल्या, नापास माल नीट बघते जरा, माझं काय चुकलं ते कळू द्या. कालचं मनाला लागलेलं दिसतं. माणूस बदलू शकतो. लगेच किल्ली दिली. त्यांनी माझं भिंग मात्र नेलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सुट्टी.

किंमत खाली आणली. हजार. हे माघार घेणं नाही, सवलत आहे.

चाकणजवळ मामांकडे गेलो. ज्ञानदेवमामांची अर्धी जमीन कंपनीत गेली, उरलेल्या अर्ध्यात कांदा करतात आणि मुलगा त्याच कंपनीत कामाला. मामांनी चित्र दोन्ही हातांत धरलं, वर केलं, उजेडात बघितलं. म्हणाले, बाळा, नोकरी हाय ना तुझी? मी म्हटलं, आहे. मग आडोशाला नेऊन विचारलं, काय जुगार-बिगार? मी योजना सांगितली. मामांनी दोनशे रुपये आणि पाच किलो कांदे दिले. चित्र परत दिलं. म्हणाले, ठेव, अजून कुणाला तरी दाखवता येईल.

दोनशेची नोंद ‘देणगी’ या सदरात केली. कांद्यांचं सदर नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पाळणाघराच्या बायकांनी आशा सोडलेली दिसते. शिफ्ट सुटली की चार-चारच्या घोळक्याने गल्लीत फिरतात. दुकानादुकानात थांबतात, हसतात. कस्तुरा म्हणून एक आहे, तिच्या हातात कागदाची मोठी सुरळी होती. मला बघून तिने पदराआड केली. दुःखात माणसं काहीही विकत घेतात.

मी एकटाच प्रयत्न करतोय. एका बँकेत गेलो होतो. वॉचमन चांगला होता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

अक्षर वाईट आलं तर त्याला कारण आहे.

पित्ताची गोळी घ्यायला मेडिकलमध्ये गेलो. काउंटरच्या मागे, देवाच्या फोटोच्या शेजारी : ‘खिडकीखालची चौदा मुलं’. फ्रेममध्ये. खाली काळ्या मार्करने नंबर १. त्याखाली दुकानाचं नाव आणि ‘यांच्याकडून पाळणाघरास सप्रेम’. मुलांच्या शर्टांचा निळा सरळ सरळ अर्धा मिलिमीटर सरकलेला. लांबूनही दिसत होता. म्हणजे मला.

मिठाईवाल्याकडे गेलो. नंबर १. सलूनमध्ये आरशाच्या वर, नंबर १. पीठगिरणीत, नंबर १, त्यावर पीठ.

दीपमालांना जाब विचारला. त्या टेबल पुसत होत्या. म्हणाल्या, व्हय, तुमच्या लाल पेटीतलेच. भंगारात किलोनं गेले असते, आम्ही पाचशेला एक दिला. मी म्हटलं, सगळ्यांना नंबर एक? हे कसं शक्य आहे? त्या म्हणाल्या, का नाही? मेडिकलमधला एक नंबर मेडिकलवाला, गिरण्यांमधला एक नंबर गिरणीवाला. एका गल्लीत दोन मेडिकल आहेत का? मी म्हटलं, दादासाहेब? म्हणाल्या, त्यांना अख्ख्या गावचा एक नंबर दिला. वडलांचं नाव मोठ्या अक्षरात काढलं. अर्धं डिपॉझिट सोडलं त्यांनी. सगळं सोडणार होते ओ, पण मधी तुम्ही जाऊन त्यांना तासभर शिकवलं ना, त्याचे वीस हजार धरले.



बुधवार, २६ नोव्हेंबर

लढा सुरू. नापास माल बाजारात गेला आहे. कुठल्याही कंपनीत असा माल परत बोलावतात. गिऱ्हाइकाला सत्य कळलं पाहिजे.

मेडिकलवाल्याला सांगितलं की तुमची फसवणूक झाली आहे, हे चित्र मी स्वतः नापास केलेलं आहे, फ्रेम काढून मागे बघा. त्याने खिळे उचकटून बघितलं. तांबडा शिक्का दिसला. त्याचा चेहरा एकदम उजळला. शेजारच्या गिऱ्हाइकाला दाखवून म्हणाला, बघा, मागं कंपनीचा शिक्कापण आहे. ओरिजिनल.

मिठाईवाल्याने तर त्याच्या चित्रावर शिक्का पुसट आहे म्हणून तक्रार केली. मला म्हणाला, तूच मारतोस ना, जरा नीट मारून दे की.

मारून दिला नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. सुट्टी.

बाळाजीशेठना अर्ज लिहिला. विषय : नापास मालाची अनधिकृत विक्री. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. घरी नेऊन दिला. शेठनी उभ्या उभ्या वाचला. म्हणाले, अक्षर चांगलं आहे तुझं. मग हॉलमध्ये नेलं. सोफ्याच्या वर चित्र होतं. नंबर १. शेठच्या आईंचं नाव. शेठ म्हणाले, दीपमाला म्हणत होती एमआयडीसीचा एक नंबर तुम्हीच, म्हणून घेतलं. बायकोला पण आवडलं, तिला त्यात पोरं दिसतात.

सगळ्यांनाच मुलं दिसतात, ती मुलंच आहेत. पण ‘दिसतात’ म्हणण्याइतपत कुणी बघितलं हे पहिल्यांदाच. ते नापास प्रतीत दिसावं याचं वाईट वाटलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शेखर म्हणतो, भावा, जमले ना पैसे, मग तू सुतकात का? मी म्हटलं, प्रश्न पैशांचा नाही. तो म्हणाला, पहिल्या दिवशी तर पैशांचाच होता. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

उद्या पाळणाघर हलणार. मला कुणी बोलावलेलं नाही. मी जाणार. मागे कुणी नसलं तरी चालेल. मास्टर सॅम्पल घेऊन जाणार आणि सर्वांसमोर दाखवणार की खरा नंबर एक कसा असतो.

रविवार, ३० नोव्हेंबर. दुपार.

गेलो. मास्टर सॅम्पल प्लॅस्टिकच्या पिशवीत. दारातच विजयश्रीताईंनी माझ्या दोन्ही हातांत पाळणा दिला, म्हणून पिशवी कुठेतरी टेकवावी लागली. नंतर सहा पाळणे, दोन कपाटं, एक पाण्याचं पिंप. जिन्याखाली जागा अरुंद आहे, कपाट तिरकं घालावं लागेल हे मी मापावरून सांगितलं. तसंच घातलं. गेलं.

एक वाजता दादासाहेबांचा माणूस पैसे न्यायला आला. बायका जमिनीवर बसून मोजत होत्या. एकूण एकोणचाळीस प्रती विकायच्या होत्या, एक दादासाहेबांची. अडतीस विकल्या. एकोणीस हजार. विजयश्रीताईंनी पाचशे घातले. पाचशे कमी. एक प्रत उरलेली, कोपरा दुमडलेला, कुणी घेतली नव्हती.

माणूस म्हणाला, पूर्ण झाल्याशिवाय किल्ली देऊ नको असं सांगितलंय. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, नुसत्याच. चाळीस हजारांचं मी बोललो होतो. माझ्या खिशात पासष्ट रुपये होते. ते काढले आणि पुन्हा आत ठेवले, कारण दिसायला बरे दिसेनात.

दीपमालांनी पर्समधून पाचशेची नोट काढून गठ्ठ्यावर ठेवली. म्हणाल्या, हे स्वराजभाऊंच्या नावावर. आजवर साहेब म्हणायच्या. मग उरलेली प्रत मांडीवर घेतली, मार्कर उघडला. म्हणाल्या, खाली तुमचं नाव घालते. नंबर कुठला घालू? तुमच्या हिशेबानं असंल तो सांगा, मी काही बोलणार नाही.

मी सांगणार होतो की नापास प्रतीवर नंबर घालतच नाहीत. त्याऐवजी दुमडलेला कोपरा अंगठ्याने दाबून सरळ केला.

म्हटलं, एक.

त्यांनी एक घातला. माझं नाव एका झटक्यात लिहिलं, बरोबर लिहिलं. माणसाने किल्ली दिली. संस्कृती आत जाऊन कोपऱ्यात बसली, भिंतीला टेकून, एका बाजूला कलून.

प्रत खोलीवर आणली आहे. पुरावा म्हणून. मोजली. सरक ०.६ मिलिमीटर. माझा निर्णय योग्यच होता. शेखरने विचारलं, लावायची का भिंतीला? मी म्हटलं, खिळा सरळ मार.

हिशेब

खर्च :
कागद ५१ — २,०४०
शाई, तीन रंग — १,३५०
स्क्रीन — १,८००
प्रमाणपत्रं ५१ — ७६५
निगडी, टेबल भाडं — ३००
बस — १२०
पित्ताच्या गोळ्या — ९०
एकूण — ६,४६५

जमा :
पास प्रतींची विक्री — ०
देणगी, मामा — २००

शिल्लक माल : मास्टर १, पास ९, होल्ड १.

देणं :
शेखर, या महिन्याच्या भाड्यातला माझा हिस्सा — ३,०००
दीपमाला, नापास प्रत एक — ५००. पगार सात तारखेला.